नायकाच्या वाटेतला माणूस

हाँगकाँगला राहायला आलेल्या मराठी माणसापुढे कॅन्टोनीज शिकायचे दोन मार्ग असतात. एक म्हणजे फी भरून वर्गाला जाणं आणि दुसरा म्हणजे ‘त्यात काय, सिनेमे बघून येते भाषा’ असं चारचौघांत म्हणणं. बायकोनं पहिला धरला. नॉर्थ पॉइंटच्या चुन याँग स्ट्रीटवर मंडईच्या बरोबर मधून ट्राम जाते. काही महिन्यांतच आमची ही तिथं मागून घंटा वाजली तरी जागची न हलता भाजीवाल्याशी हुज्जत घालू लागली. भाजी घेतली की पातीचा कांदा फुकट द्यायची इथं रीत आहे. ही दोन जुड्या आणायची. मी दुसऱ्या मार्गानं गेलो. माझ्या वाट्याला जे आलं तेही फुकटच होतं, पण ते पिशवीत घालून आणण्यासारखं नव्हतं.

सिनेमा दिला समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंनी. त्यांच्याकडं व्हीसीडींचं एक अख्खं कपाट आहे आणि त्या चालवायला जपून ठेवलेला प्लेअरही आहे. दोन्ही वस्तू त्यांनी मला उदार मनानं दिल्या. फक्त ‘स्टार रनर’चं कव्हर हातात देताना ते जरा वेळ सोडलंच नाही. कव्हरवर व्हॅनेस वू होता. २००१ साली ‘मीटिअर गार्डन’ या तैवानी मालिकेनं चार देखणी पोरं आशियाभर घरोघरी नेऊन बसवली. त्यांना एफ-फोर म्हणत. व्हॅनेस त्यांतलाच एक आणि बाई त्या काळच्या त्याच्या भक्त. लग्न झालं, मुलं झाली, नवऱ्याचं पोट सुटलं, पण व्हीसीडीवर धूळ बसलेली नव्हती.

सिनेमा २००३ सालचा, दिग्दर्शक डॅनियल ली. बाँड नावाचा पोरगा किकबॉक्सिंग शिकतो आणि ‘स्टार रनर’ नावाच्या मोठ्या स्पर्धेत उतरायची स्वप्नं बघतो. मधेच उन्हाळी वर्गात त्याला एक कोरियन शिक्षिका भेटते. ती वयानं मोठी, तरी हा प्रेमात पडतो. स्पर्धेत समोर टँक वाँग नावाचा आडदांड गडी. तेव्हा सकाळी लाथा, दुपारी प्रेम आणि संध्याकाळी दोन्हींचं एकत्र दुखणं, असा एकूण कार्यक्रम. ज्या वर्षी सार्सच्या साथीनं हाँगकाँगात २९९ माणसं गेली त्याच वर्षीचा हा सिनेमा. इतका घाम, इतकी धडपड आणि इतकी तरुणाई त्या वर्षी पडद्यावर बघायला लोकांना बरं वाटलं असेल, असं मला आपलं वाटतं.

आता या व्हीसीडींची एक गंमत असते. डाव्या स्पीकरला कॅन्टोनीज आणि उजव्या स्पीकरला मँडरिन. रिमोटवरचं एक बटण दाबून हवी ती निवडायची. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळं बाँडनं तोंड उघडलं की दोन बाँड बोलायचे, एकमेकांच्या अंगावर. खाली पांढऱ्या अक्षरांत चिनी आणि इंग्रजी अशा दोन ओळी पळायच्या. मी वही-पेन घेऊन बसलो होतो. कॅन्टोनीजमध्ये जुन्या मोजणीनं नऊ स्वर आहेत असं वाचलेलं होतं. ते एकाच वेळी लावायचे असतात, असं मी धरून चाललो. पहिली डिस्क संपून दुसरी घालायची वेळ आली तेव्हा कन्या खोलीतून बाहेर आली, दोन मिनिटं उभी राहिली आणि रिमोट हातात घेऊन म्हणाली, “बाबा, तू दोन भाषांची भेळ शिकतोयस.” बटण दाबलं आणि एक बाँड गप्प झाला. माझी वही पाचेक पानं भरली होती.

जखमेवर मीठ चोळायचं काम बायकोनं केलं. तिनं फोनवर नटांची कुंडली काढली. नायक व्हॅनेस वूचा जन्म कॅलिफोर्नियातला, सांता मोनिकाचा, नाव झालं तैवानात, मँडरिनमध्ये. नायिका किम ह्युन-जू कोरियाची. टँकचं काम करणारा अँडी ऑन अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडचा. “हाँगकाँगात वर्षाला एवढे सिनेमे निघतात,” ती म्हणाली, “त्यातून कॅन्टोनीज शिकायला तू नेमका असा शोधलास की तिघांपैकी एकाचीही ती मातृभाषा नाही.” मी म्हणालो, तेही आपल्यासारखे बाहेरचेच, तेव्हा मार्ग बरोबर आहे. यावर ती काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा तिला माझं म्हणणं पटलंय असं वाटायची मला सवय आहे.

सिनेमानं भाषा दिली नाही, पण दुसरंच काहीतरी दिलं. आमच्या साताऱ्यात माझ्या पिढीच्या प्रत्येक पोरानं ब्रूस लीच्या नावानं दोन स्टंपा सायकलच्या चेनला जोडून फिरवलेल्या आहेत आणि स्वतःच्या कानशिलात हाणून घेतलेल्या आहेत. ते वय गेलं, टेंगूळ गेलं, पण खोड जात नाही. त्यात हा सिनेमा म्हणजे जुन्याजाणत्यांचं संमेलनच. नायकाचा प्रशिक्षक मॅक्स मोक, जो ‘वन्स अपॉन अ टाइम इन चायना’च्या पुढच्या भागांमध्ये वाँग फेइ-हुंगचा शिष्य म्हणून धडपडत असायचा. शिवाय ती लुंग, डेव्हिड चियांग आणि ‘थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’वाला गॉर्डन लिऊ. हे सगळे एकेकाळचे शॉ ब्रदर्सचे वाघ. त्यांना पिकलेल्या वयात पडद्यावर बघून मला वाटलं, यांना जमतं तर आपल्याला का नाही? ते अर्धशतक व्यायाम करत होते आणि मी अर्धशतक ‘सोमवारपासून’ म्हणत होतो, हा फरक त्या उत्साहात किरकोळ वाटला.

नॉर्थ पॉइंटहून क्वुन टाँगला बोट जाते. एका शनिवारी त्या बोटीत बसून मी गेलो. क्वुन टाँग हा जुना कारखान्यांचा भाग. प्लास्टिकची फुलं, खेळणी, कपडे असं काय काय तिथं बनायचं. ऐंशीच्या दशकात चीननं दारं उघडली तसे कारखाने सीमेपलीकडं गेले आणि मागं राहिल्या दहा-बारा मजली इमारती. आता त्यांत गोदामं आहेत, गाण्याच्या बँडांच्या तालमी आहेत आणि व्यायामशाळा आहेत. लिफ्ट मालाची, एका वेळी छोटा हत्ती मावेल एवढी. माझ्याबरोबर तिच्यात गोठवलेल्या माशांच्या पेट्या आणि ड्रम घेतलेला एक पोरगा होता. सहाव्या मजल्यावर दार उघडलं आणि नाकात घाम, रबर आणि थाई मालिशच्या तेलाचा असा वास घुसला की डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी बघून मुलं आपुलकीनं हसली. भिंतीवर वान चायच्या साउथॉर्न स्टेडियममधल्या लढतींचे फोटो होते आणि प्रत्येक फोटोत कुणीतरी कुणाच्या तरी बरगडीत पाय घालत होतं.

व्यायामशाळेचे मालक पन्नाशीचे, बुटके, खांदे दाराएवढे. सगळे त्यांना सिफू म्हणत. त्यांना इंग्रजी जेमतेम येत होतं आणि मला कॅन्टोनीज डाव्या स्पीकरपुरतं. त्यांनी एक अर्ज पुढं केला, सगळा चिनीत. मग एक लांबलचक प्रश्न विचारला. मला त्यात फक्त ‘दा’ कळलं. हा शब्द सिनेमात शंभरदा येतो. मारणं, लढणं, खेळणं, फोन करणं, सगळ्याला तो चालतो. मी बाँडचा चेहरा आठवला, छाती पुढं काढली आणि म्हणालो, “ङो यिउ दा!” मला लढायचंय. शाळेत असताना ङ या अक्षरावर आम्ही फार अन्याय केला, वाङ्मय सोडून त्याला कधी बोलावलं नाही. त्यानं सूड घ्यायला इतकी वर्षं वाट बघितली. सिफूंनी माझ्याकडं आपादमस्तक बघितलं, पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच म्हणालो, आवाज वाढवून. त्यांनी खांदे उडवले आणि एका चौकोनात खूण केली.

त्या चौकोनात काय होतं ते कळायला मला बरेच दिवस लागले. तोवर मी सुखात होतो.

सुखात म्हणजे, हाताला पट्टी गुंडाळायला शिकत होतो. ही पट्टी साडेचार मीटर असते. अंगठ्यात अडकवून मनगटाला वेढे, मग बोटांच्या मधून, मग मुठीवर. बाँड ती सिनेमात बोलता बोलता, खिडकीबाहेर बघत गुंडाळतो. माझी गुंडाळून व्हायची तोवर पोरांचे दोरीवरच्या उड्यांचे राउंड संपलेले असायचे, आणि ग्लोव्ह्जमध्ये हात घातला की पट्टी कोपरापाशी येऊन गोळा व्हायची. समोरच्याला पायानं ढकलायचा एक प्रकार असतो, त्याला थाईत ‘तीप’ म्हणतात. पहिल्यांदा मी तीप मारली तेव्हा टांगलेली पिशवी जागेवर राहिली आणि मी मागं गेलो. न्यूटननं सांगितलेलं मी शाळेत पाठ केलं होतं, पण न्यूटनला एवढं जवळून भेटायचा योग आला नव्हता.

सिनेमात सराव कसा असतो ते आपल्याला माहीत आहे. गाणं सुरू होतं. नायक धावतो, पडतो, उठतो, पिशवीला मारतो, पाऊस येतो, शिक्षिका दुरून बघते. गाणं संपतं तेव्हा तो तयार असतो. क्वुन टाँगला गाणं नव्हतं. तिथं होता तीन मिनिटांनी टोला देणारा एक टायमर आणि खालच्या मजल्यावरचा बँड, जो एकच गाणं अर्ध्यात सोडून पुन्हा पहिल्यापासून वाजवायचा. त्यांचीही प्रगती माझ्याच वेगानं होत होती.

आणि मग एके दिवशी भिंतीवर कागद लागला. येत्या रविवारी तीन व्यायामशाळांच्या आपसांतल्या लढती. चिनी अक्षरांच्या भाऊगर्दीत एकाच ओळीत रोमन लिपी होती आणि त्या लिपीत माझं आडनाव. चौकोन त्याचा होता. सिफूंनी विचारलं होतं, नुसता व्यायाम की लढतीपण? आणि मी दोनदा, दुसऱ्यांदा ओरडून, सांगितलं होतं.

घरी सांगितल्यावर बायकोनं आधी विमा कंपनीची कागदपत्रं काढली आणि मग मला जेवायला वाढलं. कन्या म्हणाली, “कॅन्सल कर ना.” पण कॅन्सल करायला जी कॅन्टोनीज लागते ती सिनेमात कुणी बोलत नाही. बायको बोलून देऊ शकली असती. “तूच सांग,” असं म्हणायला मी तोंडही उघडलं होतं, तेवढ्यात ती म्हणाली, “मी सांगू का सिफूंना, की याला जमणार नाही?” हे वाक्य तिनं काळजीनं म्हटलं होतं. ते ऐकून मराठी नवरा जे करतो तेच मी केलं. म्हणालो, “काही गरज नाही.”

किकबॉक्सिंग या खेळाचं नाव मुळात जपानमधलं. १९६६ च्या सुमाराला ओसामु नोगुची नावाच्या बॉक्सिंगच्या प्रवर्तकानं थाई मुष्टियुद्ध आणि कराटे यांची मोट बांधून ते रूढ केलं. या खेळात जोड्या लावतात त्या वजनावर. वयाचा तिथं प्रश्न नसतो, आणि वजन कशाचं आहे हेही कुणी विचारत नाही. माझे चौऱ्याहत्तर किलो बटाटेवड्यांचे, श्रीखंडाचे आणि बसून केलेल्या नोकरीचे. समोरच्याचे चौऱ्याहत्तर नुसत्या सहा फुटांचे. पोरगा बाविशीचा, भाजलेल्या बदकांच्या दुकानात खाटकाचा सुरा चालवणारा. रिंगमध्ये येऊन त्यानं मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, “सुक-सुक.” म्हणजे काका.

आमच्यासारख्यांसाठी दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या होत्या. दोन मिनिटं म्हणजे किती, हे ज्यांना जाणून घ्यायचं असेल त्यांनी एकदा असल्या रिंगमध्ये उभं राहावं. टोला पडला. मी बाँडसारखा एक पाय पुढं टाकून, हनुवटी खाली घेऊन उभा राहिलो. पोरानं डावा हात हलवला, मी तिकडं बघितलं आणि त्याची उजवी नडगी माझ्या मांडीवर येऊन बसली. मांडी एकदम दुसऱ्याची झाली. आणि मग त्यानं ते केलं ज्याची कुठल्याही प्रशिक्षकानं तयारी करून घेतलेली नसते. माउथगार्डमधून तो म्हणाला, “म होउ यी सी.” माफ करा.

पुढं प्रत्येक वेळी हेच. ठोसा, माफ करा. लाथ, माफ करा. एकदा तर माफी आधी मागितली, आणि मी बरं वाटून सैल पडलो तेवढ्यात मारलं. रागावून अंगात बळ येईल म्हणावं तर इतक्या सालस पोरावर रागवायचं तरी कसं? सिनेमात टँक वाँग डोळे वटारतो, नाक फुगवतो, बघणाऱ्याचं रक्त तापतं. (अँडी ऑनला त्या कामासाठी हाँगकाँग फिल्म अवॉर्ड्समध्ये सर्वोत्कृष्ट नवोदिताचं पारितोषिक मिळालं. नायकाला नाही, वटारणाऱ्याला.) माझ्यासमोर मात्र आईनं नीट वाढवलेला मुलगा होता.

दुसऱ्या फेरीत मी दोरांना टेकून श्वास शोधत असताना माझी नजर खाली पहिल्या रांगेत गेली. तिथं एक मुलगी हाताची बोटं तोंडात घालून बसली होती. माझ्याकडं नव्हे, त्याच्याकडं बघत होती. तिच्या मांडीवर त्याचं जाकीट होतं आणि त्याच्या ग्लोव्ह्जवर जांभळ्या शाईनं कसलंसं छोटं चित्र काढलेलं होतं, नक्कीच तिनं. त्या क्षणी मला सगळा मामला उलगडला. मी ‘स्टार रनर’मध्येच होतो. यात चूक काहीच नव्हती. फक्त तो बाँड होता.

प्रत्येक स्पर्धेच्या सिनेमात नायकाला अंतिम फेरीपर्यंत जायचं असतं आणि त्याच्या आधी काही माणसं त्याच्या हातून पडावी लागतात. ती चार-चार सेकंदांत पडतात. त्यांची आई कोण, ती माणसं बोटीनं आली की बसनं, त्यांनी कुठल्या चौकोनात खूण केली होती, हे कुणी दाखवत नाही. आपण सिनेमा बघतो तेव्हा एकजात सगळे नायक होऊन बघतो. हजार प्रेक्षक, हजार बाँड. मग पडणारे कुठून आणायचे? ते आमच्यातूनच येतात, मालाच्या लिफ्टनं. हा विचार मला इतका पटला की मी हात थोडे खाली घेतले. त्यानं “म होउ यी सी” म्हटलं आणि माझ्या उजव्या बरगडीखाली त्याचा गुडघा आला.

पंचांनी आठपर्यंत मोजलं, माझ्या डोळ्यांत बघितलं आणि लढत थांबवली. त्यांना तिथं काय दिसलं देव जाणे. मला विचारलं असतं तर त्यांनी एकलाच थांबायला हरकत नव्हती.

एक्स-रेमध्ये हाड शाबूत निघालं. दुखणं मात्र जाईना, म्हणून समोरच्या बाईंनी हाडवैद्याकडं धाडलं. हाँगकाँगात या वैद्यांना ‘तिट-दा’ म्हणतात. पडझड आणि मारहाण हेच त्यांचं खातं. बुधवारची संध्याकाळ होती आणि बुधवारी हॅपी व्हॅलीला रात्रीच्या शर्यती असतात. वैद्यबुवांचा एक डोळा टीव्हीवरच्या घोड्यांवर आणि अंगठा माझ्या बरगडीवर. घोडे सरळ पट्ट्यात आले तसा अंगठा आत जाऊ लागला. मी ओरडलो, तेही ओरडले. त्यांचा घोडा मानेनं हरला होता. मग त्यांनी काळपट, दारूचा वास येणारा लेप थापला, वर पट्टी बांधली आणि अंगठ्यानं केलेल्या उपचाराचे पैसे घोड्याच्या हिशेबानं घेतले.

लंगडत घरी आलो तर समोरच्या बाई दारात उभ्याच. त्यांनी आणखी एक व्हीसीडी हातात ठेवली. याच डॅनियल लीचा आधीचा, २००० सालचा ‘अ फायटर्स ब्लूज’. त्यातही किकबॉक्सरच, पण तरुण नाही, आयुष्यानं झोडपून काढलेला. काम अँडी लाऊचं. “यांच्यासाठी हा बरा,” असं त्या बायकोला कॅन्टोनीजमध्ये म्हणाल्या. बायकोनं मला त्याचं भाषांतर करून सांगितलं नाही, पण मला समजलं. प्रगती आहे.

एवढ्यावर भागलं असतं. पण निकाल सांगताना पंच दोघांचेही हात धरून मधे उभे राहतात आणि मग जिंकणाऱ्याचा वर करतात. कन्येनं फोटो काढला तो हात वर जायच्या आधीचा. तो तिनं कापून, म्हणजे बाविशीचा पोरगा बाहेर ठेवून, घरच्या ग्रुपवर टाकला. फोटोत मी, पंच, पंचांनी धरलेला माझा हात आणि माझ्या चेहऱ्यावर एक गहिवर, जो वास्तविक बरगडीचा होता.

आईचा साताऱ्याहून फोन आला तेव्हा ती पेढे वाटून दमली होती. कंदी पेढे, दोन किलो, गल्लीत आणि पोस्टातल्या लोकांनाही. “तू काहीच कसं बोलला नाहीस रे? आत्या रडलीच.” मी सांगायला गेलो, पण बरगडीमुळं मला लांब वाक्यं जमत नव्हती, आणि ‘हरलो’ या शब्दापर्यंत पोचायच्या आत ती पुढच्या विषयावर गेलेली असायची.

“दिवाळीत येतोयस ना? पेठेतल्या मंडळानं सत्कार ठेवलाय. शाल, श्रीफळ आणि फेटा. मुलांना जरा चार हात करूनही दाखव म्हणतात.”

“आई, हात वगैरे नको.”

“अरे, नुसतं आपलं करायचं म्हणून. अध्यक्षांचा नातू आहे, तोही हेच खेळतो, जिल्ह्यात पहिला आलाय. पोरगा इतका गुणी आहे, वाकून नमस्कार केल्याशिवाय बोलत नाही बघ. मी विचारून घेतलं, वजन तुझ्याएवढंच आहे.”